वजनाला हलका

मी पाइपांची चित्रं काढते. असं सांगितलं की माणसं आधी हसतात, आणि ही गंमत करत नाहीये हे लक्षात आलं की जरा सावरून बसतात. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत जमिनीपासून थेट वरच्या टाक्यांपर्यंत पाइपांचं जे जंजाळ असतं, ते वर्षानुवर्षं वाढत जातं. आज एक लाइन तोडली, उद्या दोन जोडल्या, परवा कुणीतरी तिसरी वळसा घालून नेली. कारखान्याच्या कपाटातलं ड्रॉइंग मात्र उद्घाटनाच्या दिवशीचंच. मग काही नवीन बसवायचं ठरलं की आमच्या ऑफिसला बोलावणं येतं: आत्ता खरोखर जे उभं आहे ते मोजा आणि काढून द्या. मी शिड्या चढते, मापं घेते आणि वरच, तिथल्या तिथे, लॅपटॉपवर रेषा ओढते.

'तिथल्या तिथे' हे महत्त्वाचं. आमच्याकडचे बाकीचे लोक मापं टिपून आणतात आणि दुपारनंतर ऑफिसच्या गारव्यात बसून ड्रॉइंग करतात. मग कधीतरी ड्रॉइंगमधला पाइप लोखंडी बीममधून आरपार जातो, आणि तो बसवायला वर चढलेला वेल्डर खाली बघून आमच्या सगळ्या खानदानाचा उद्धार करतो. माझ्या ड्रॉइंगवर ही वेळ कधी आली नाही. बीम माझ्या नाकासमोर असतो, मी त्याला विसरेन कशी? मी हे मिरवते, असं ऑफिसात म्हणतात. मिरवतेच. ऑफिसातली शिडी चढणारी पहिली बाई मी, आणि साइट मला कुणी हळदीकुंकवाच्या वाणासारखी ओटीत घातलेली नव्हती.

तर गेल्या वर्षी माझा उजवा खांदा आखडला. कारण उघड होतं. ऑफिसने दिलेला लॅपटॉप जुना, पाट्यासारखा जड, आणि त्याची बॅटरी इतकी थकलेली की चार्जरही सोबत वागवावा लागे. हेल्मेट, टेप, सेफ्टी बेल्ट, डबा, पाण्याची बाटली आणि हा पाटा, असं सगळं सॅकमध्ये भरून मी रोज माहीमहून निघायची. आमचं माहीम म्हणजे केळव्याजवळचं, मुंबईतलं नव्हे. पालघरपर्यंत रिक्षा, तिथून बोईसरपर्यंत एसटी, आणि मग शिड्या. पालघरच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी हात वर करायला सांगितला, तो कानापर्यंत पोचायच्या आतच अडला. त्या म्हणाल्या, व्यायाम तर कराच, पण ओझं कमी करा, नाहीतर आत्ता जेवढा वर जातोय तेवढाही जाणार नाही.

साहेबांच्या कानावर हे गेलंच. त्यांनी बोलावून घेतलं आणि फार सौम्य आवाजात बोलले. साहेब सौम्य झाले की मी सावध होते. "एका मोठ्या प्लांटचं शटडाउन येतंय, दुरुस्तीसाठी सगळं बंद. वरपासून खालपर्यंत सगळं मोजायचंय. तुला झेपणार नसेल तर वाईट वाटून घेऊ नकोस. तू इथे बस, मापं दुसरं कुणी आणेल, तू फक्त काढ."

दुसऱ्याची मापं घेऊन ड्रॉइंग करायचं म्हणजे दुसऱ्याने चाखून सांगितलेल्या चवीवर स्वयंपाक करायचा. आणि एकदा टेबलावर बसवलेल्या माणसाला पुन्हा शिडीवर कुणी चढवत नाही, हे मी इतरांच्या बाबतीत पाहिलेलं होतं. माझी साइट जाणार होती, आणि ती जाऊ द्यायची माझी मुळीच तयारी नव्हती. ऑफिस नवीन लॅपटॉप देणार नाही, स्वतःचा आणला तर हरकत नाही, एवढं मी विचारून घेतलं आणि घरी आले.

रात्री जेवताना मी जाहीर केलं, "मला एक हलका लॅपटॉप घ्यायचाय."

इथेच सगळा घोटाळा झाला.

माझे सासरे पानवाले. टपरीवर पान लावून देणारे नव्हेत, पानमळा असणारे. माहीमच्या वाडीत त्यांचा सगळा जन्म विड्याची पानं खुडण्यात, निवडण्यात आणि टोपल्या भरण्यात गेला. निवडताना एकच काम: भारी पान इकडे, हलकं पान तिकडे. हलकं पान चुकूनसुद्धा त्यांच्या टोपलीत गेलं नाही, आणि हे ते मिरवतात. म्हणजे मिरवण्याचा गुण मला सासरहून मिळाला असं म्हणायला हरकत नाही. माझ्या वाक्यावर त्यांचा घास हातातच राहिला. "हलका? हलका कशाला गो?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "मला हलकाच बरा पडेल, बाबा." तेवढ्यात सासूबाईंनी आमटी वाढली आणि विषय दुसरीकडे गेला. मला वाटलं, कळलं त्यांना. न कळण्यासारखं त्यात होतं काय?

चार-पाच दिवसांनी घरी आले तर ओटीवरच्या झोपाळ्यावर एक भलंमोठं खोकं. बाबा शेजारी उभे, अंगात इस्त्रीचा सदरा. लग्नकार्याशिवाय तो सदरा कपाटातून निघत नाही. नवरा दाराच्या चौकटीला टेकून होता आणि त्याचा चेहरा मला काहीतरी सांगू बघत होता.

"उघड बाय," बाबा म्हणाले. "दुकानदाराला सांगितला, सगळ्यात भारी असेल तो काढ. आमच्या घरात हलका चालत नाय."

खोक्यातून निघाला तो लॅपटॉप मी आधी मांडीवर घेतला आणि मग पटकन खाली ठेवला. स्क्रीन एवढी की घरातल्या टीव्हीला कॉम्प्लेक्स यावा. बटणांखाली लाल-निळे दिवे. चालू केल्यावर आतला पंखा असा काही घोंघावला की सासूबाई आतून म्हणाल्या, "पिठाची गिरणी घेतली का काय?" चार्जर म्हणजे वेगळी वीटच. पोरं ज्यावर बंदुकीचे खेळ खेळतात, त्या जातीचा तो लॅपटॉप होता, आणि ऑफिसचा पाटा त्याच्यापुढे पापड वाटला असता.

मी बोलायला तोंड उघडलं होतं. पण बाबा म्हणाले, "शिडीवर चढताना नीट सांभाळ हां त्याला." आणि माझं तोंड मिटलं.

त्याचं कारण सांगायला हवं. मी या घरात आले आणि साइटवर जायला लागले तेव्हा हेच बाबा म्हणाले होते, "नारळावर चढणारे बघितले. शिडीवर चढणारी सून नाय बघितली." त्यानंतर पंधराएक वर्षं त्यांनी माझ्या कामाविषयी चकार शब्द काढला नव्हता. चांगला नाही आणि वाईटही नाही. मी घरी येऊन काही सांगायला लागले की ते उठून वाडीत जात. आणि आज तेच बाबा सदरा घालून, स्वतः पालघरला जाऊन, माझ्या शिडीसाठी लॅपटॉप घेऊन आले होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते खरंच आनंदाचं होतं. खांद्याचं पाणी दुसऱ्या दिवशीपासून आलं.

आता रोजचा दिवस असा. सॅकची चेन अर्ध्यात अडायची, कारण खेळांचा लॅपटॉप तिच्यात मावतच नव्हता. एसटीत कोळगावला जिल्हा कार्यालयाची माणसं उतरली की मला जागा मिळायची. सॅक मांडीवर घेतली की बेटेगाव येईपर्यंत दोन्ही पाय बधिर. साइटवर शिडी चढताना प्रत्येक पायरीला खांदा मला नावाने हाका मारायचा. वर पोचून लॅपटॉप उघडला की मला प्लॅटफॉर्मच्या जाळीवर फतकल मारून बसावं लागे, कारण तो हातात धरून उभं राहणं पैलवानाचं काम. बसलं की मापाची जागा दिसत नाही. उठून बघायचं, बसून काढायचं, पुन्हा उठायचं. दुपार व्हायच्या आत बॅटरी संपायची आणि मी प्लग शोधत खाली यायची. खाली साहेब घड्याळाकडे बघत बसलेले असायचे.

आणि घरी आले की बाबा झोपाळ्यावर वाट बघत असायचे. माझा पाय ओटीवर पडला की त्यांचा प्रश्न ठरलेला. "भारी हाय ना?"

"भारी आहे, बाबा," मी सांगायची.

शपथेवर सांगते, यात एकही शब्द खोटा नव्हता. पण त्यांची छाती अशी फुगायची की पुढचं बोलायची माझी हिंमत व्हायची नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांतही बातमी पोचली होती. आमच्या सुनेने स्वतः सांगितलं, भारी हाय. नवरा रात्री खांद्याला तेल चोळून द्यायचा आणि म्हणायचा, "सांगून टाक ना." मी म्हणायची, "तुझे वडील आहेत, तू सांग." मग तो तेल जरा जास्तच जोरात चोळायचा.

शटडाउन तोंडावर आलं तेव्हा साहेबांनी शेवटचं विचारलं. "मी दुसऱ्याचं नाव देऊ का? आता थांबता येणार नाही." मी म्हणाले, "सोमवारी माझ्याबरोबर वर चला आणि काय ते तिथेच ठरवा." म्हणाले मी जोरात, पण सोमवारी नेमकं काय बदलणार होतं ते मलाही माहीत नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी साइटचं नारिंगी जॅकेट धुतलं आणि अंगणात वाळत घालायला गेले. आमची कपड्यांची दोरी नारळापासून खांबापर्यंत बांधलेली आहे, फार उंच नाही. मी जॅकेट घेऊन उजवा हात वर केला. हात वर गेला नाही. पुन्हा केला. दोरी तिथेच, हात इथेच. डाव्या हाताने टाकता आलं असतं, पण मला अचानक इतका राग आला, दोरीचा, हाताचा, साहेबांचा, आणि हो, त्या लॅपटॉपचाही, की मी तशीच ओलं जॅकेट धरून उभी राहिले. पाणी पायांवर गळत होतं. बाबा पलीकडे गोणपाटावर बसून पानं निवडत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "शेजारी पण विचारत होते गो. भारी हाय ना लॅपटॉप?"

"भारी आहे, बाबा," मी म्हणाले. "फार भारी आहे हो." आणि मला रडूच फुटलं.

बाबांनी मान वर केली. माझ्या अर्ध्यात अडलेल्या हाताकडे बघितलं, जॅकेटकडे बघितलं, ओटीवर पडलेल्या सॅककडे बघितलं. हातातलं पान त्यांनी खाली ठेवलं.

"वजनाला?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

ते उठले, ओटीवर गेले आणि सॅक उचलली. दोन पावलं चालले आणि ती परत ठेवली. मग त्यांचा आवाज चढला. "एवढे दिवस मी रोज विचारतोय, तवा तू काय सांगत होतीस?"

"खरंच सांगत होते ना! भारी आहे म्हणून."

"आणि त्या दिवशी हलका पाहिजे म्हणालीस, ते पण वजनाला?"

"मग कशाला?"

बाबा झोपाळ्यावर बसले. त्यांचा चेहरा आधी रागाने लाल होता, मग वेगळाच झाला. "मला वाटला, तू आमच्याकडे बघून हलका मागतेस," ते म्हणाले. "म्हणजे ह्यांच्या घरात भारी वस्तू झेपायची नाय, असं. मला ते लागला गो बाय. म्हणून गेलो." आणि कपाळावर हात मारून, "म्हणजे आमी दोघा येडे."

मी रडता रडता हसायला लागले आणि ते खोकला येईस्तोवर हसले. सासूबाई बाहेर येऊन दोघांकडे बघून परत आत गेल्या. जॅकेट बाबांनीच दोरीवर टाकलं. मऊ झालेल्या आवाजात त्यांनी विचारलं की आता काय करायचं, आणि मी सांगितलं, "आता मी निवडणार. माझ्या पैशाने, माझ्या हाताने."

शनिवारी बाबा, नवरा आणि मी, असे आम्ही तिघं पालघरच्या त्याच दुकानात गेलो. मी साइटची सॅक जशीच्या तशी भरून नेली होती, हेल्मेट आणि पाण्याने भरलेल्या बाटलीसकट. रिकाम्या हाताने लॅपटॉप उचलून बघण्यात काय अर्थ? तो काही रोज सॅकमध्ये एकटा जाणार नव्हता. दुकानदाराने बाबांना ओळखलं. "या काका! भारी चाललाय ना?"

"आता हलका दाखव," बाबा म्हणाले.

दुकानदाराचा चेहरा पडला. "हलका माल आमी ठेवतच नाय, काका."

"वजनाला रे, वजनाला!" बाबा असे म्हणाले की जणू हा फरक त्यांनीच शोधून काढला होता. "तुमा लोकांना एवढा पण कळत नाय?"

मी तोंडावर पदर घेतला असता, पण मी पंजाबी ड्रेसमध्ये होते. ओढणीवर भागवलं.

मग सुरू झाला माझा कार्यक्रम. पहिला लॅपटॉप सोनेरी, नाजूक, हातात घेतला तर फुलासारखा. पण त्याची स्क्रीन इतकी चिमुकली की पाइपाच्या दोन रेषा एकच दिसायच्या. दुसरा बरा होता, पण चकचकीत. मी तो दुकानाच्या दाराशी, उन्हात नेला. स्क्रीनवर ड्रॉइंगऐवजी माझा चेहरा दिसला, विस्कटलेल्या केसांसकट. आरसा माझ्याकडे घरी आहे, मी सांगितलं, आणि तो परत दिला. तिसऱ्याचं दुकानदाराने फार कौतुक केलं. वजन अमुक, जाडी तमुक. मी म्हटलं, चार्जर दाखवा. चार्जर आला तो दुधाच्या पिशवीएवढा. मी दोन्ही सॅकमध्ये टाकले, सॅक पाठीवर घेतली आणि दुकानाच्या जिन्यावरून वर-खाली गेले. खांदा लगेच ठणकला.

"मॅडम, चार्जर कोण मोजतो?" दुकानदार कुरकुरला.

"ज्याला वाहायचा असतो तो," मी म्हणाले.

एव्हाना नवरा मोबाइलच्या कव्हरांपाशी जाऊन उभा होता, आमची त्याची ओळख नसल्यासारखा. बाबा मात्र माझ्या मागे-मागे होते. प्रत्येक लॅपटॉपचं झाकण अंगठ्याने दाबून बघायचे, पपई पिकली का बघावं तसं. "हलका हाय म्हणजे मोडणार तर नाय?" हा त्यांचा एकच प्रश्न होता, पण तो त्यांनी दुकानातल्या प्रत्येकाला विचारला.

मग खालच्या कप्प्यातून एक राखाडी लॅपटॉप निघाला. दुकानदाराने तो जरा नाखुशीनेच काढला. "हा कुणी नेत नाय मॅडम. दिसायला काय नाय ह्याच्यात." खरंच काही नव्हतं. शाळेच्या पाटीसारखा साधा. पण स्क्रीन पुरेशी, आणि उन्हात नेली तर माझा चेहरा दिसला नाही, ड्रॉइंगच दिसलं. मोबाइलच्या चार्जरएवढ्या चार्जरवर चालायचा. वजन किलोच्या थोडं वर. सॅकमध्ये टाकून जिना चढले-उतरले, तेव्हा वर जाऊन एकदा चेन उघडून खात्री केली की तो आत आहे.

आता शेवटची परीक्षा उरली होती आणि ती माझ्या डोक्यात कालपासून होती. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत मी वाढायला असते. भाताचं ताट डाव्या हातावर तोलायचं, कोपर पोटाशी घट्ट, आणि उजव्या हाताने वाढत पुढे सरकायचं. त्यात उजवा खांदा वर उचलावाच लागत नाही. मी लॅपटॉप उघडला, डाव्या हातावर ताटासारखा घेतला, कोपर पोटाशी लावलं आणि उजव्या हाताने एक रेषा ओढली. मग एक पाऊल सरकले, दुसरी ओढली. अशी मी दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाढत गेले. झाकण डुलत नव्हतं, हात कापत नव्हता. गिऱ्हाइकं बघत होती. दुकानदाराने लॅपटॉप पडला तर झेलायला दोन्ही हात पुढे धरले होते.

"पंगतीला बसू का?" बाबांनी विचारलं.

नवऱ्याला तेवढ्यात आपलं लग्न झाल्याचं आठवलं. तो जवळ येऊन म्हणाला, "स्क्रीन अजून मोठी घे. परत परत घेणार नाहीस." दुकानदार म्हणाला, रंगात दुसरा बघा. बाबा म्हणाले, झाकण जरा पातळ हाय. मी तिघांचंही ऐकून घेतलं. आयुष्यात साडी मी सगळ्यांना विचारून घेतली, कुकर सासूबाईंना विचारून, आणि नवरा तर दोन्हीकडच्या सगळ्या नातेवाइकांना विचारून. हा लॅपटॉप फक्त माझ्या हाताला विचारून घ्यायचा होता, आणि हात हो म्हणाला होता.

"हाच," मी म्हणाले. त्या एका शब्दाने मला इतकं मोकळं वाटलं की दुकानाबाहेर येऊन मी बाबांना आणि नवऱ्याला उसाचा रस पाजला.

सोमवारी प्लांट बंद होता. एरवी असल्या, पेट घेणारी रसायनं असलेल्या प्लांटमध्ये लॅपटॉप गेटवरच ठेवून जावं लागतं, ठिणगीची भीती असते. पण शटडाउनमध्ये टाक्या रिकाम्या, गॅस तपासलेला, आणि आत नेण्याची लेखी परवानगी हातात. साहेब आले. मी पुढे आणि ते मागे, असे आम्ही शिडी चढायला लागलो. खांदा दुखत होता. दोन दिवसांत दुखणं पळून जात नाही. पण तो मला ओढून खाली नेत नव्हता. सगळ्यात वरच्या प्लॅटफॉर्मवर मी पोचले, डाव्या हाताने सॅक काढली, लॅपटॉप ताटासारखा घेतला आणि साहेब धापा टाकत वर येईपर्यंत दोन लाइन काढून झाल्या होत्या.

साहेबांकडे नव्या लाइनचं ड्रॉइंग होतं, ऑफिसातल्या एकाने खालून बघून केलेलं. त्याप्रमाणे जुनी लाइन कापून नवी त्याच वाटेने सरळ वर न्यायची होती. कटर घेऊन फिटर तयारच होता. मी कॉलमच्या मागे डोकावले. तिथे, जुन्या लाइनच्या वेष्टणाआड, कुणीतरी कधीतरी एक जाड आधार वेल्ड करून ठेवलेला होता. खालून तो दिसणं शक्य नव्हतं. मी तो मोजला आणि उभ्या उभ्या काढला. रेषेवर रेषा बसली तसं स्पष्ट दिसलं: नवी लाइन जुनीपेक्षा जाड, म्हणून थेट त्या आधारातून आरपार.

"मॅडम, काटूँ क्या?" फिटरने विचारलं.

"रुको!" मी ओरडले. "बिलकुल नहीं!"

फिटर जिथल्या तिथे थांबला. साहेबांनी आधी स्क्रीन बघितली, मग कमरेत वाकून कॉलमच्या मागे बघितलं, मग पुन्हा स्क्रीन. कापली असती तर नवी लाइन बसली नसती आणि जुनी गेली असती, आणि प्लांट सुरू व्हायच्या दिवशी सगळा कारखाना आमच्या नावाने शंख करत बसला असता. मी तिथेच नवी लाइन हातभर बाजूला घेतली, वळण दिलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. माझा डावा हात अजून स्थिर होता. मला तो बघून माझाच अभिमान वाटला.

साहेब सौम्य नव्हते आता. नेहमीसारखे खेकसले. "बघतेस काय? काढ पुढचं. शटडाउन तुझंच आहे."

आयुष्यात कुणाचं खेकसणं मला इतकं गोड लागलं नाही. ते उतरून गेल्यावर मी कठड्याला टेकून उभी राहिले. खाली सगळी एमआयडीसी, पलीकडे तारापूरच्या बाजूला समुद्राची पट्टी. मी एकटीच मोठ्याने हसले. फिटरने वर बघितलं आणि तोही हसला, का ते न विचारता. संध्याकाळी खाली आले तेव्हा बॅटरी अजून शिल्लक होती.

शटडाउनभर मी रोज वर गेले. पंगत वाढावी तशा लाइनमागून लाइन वाढत गेले. बेल्ट, बाटली, लॅपटॉप, सगळं सॅकमध्ये आणि चेन पूर्ण बंद. एकाही वेल्डरने आमच्या खानदानाचं नाव काढलं नाही. फिजिओथेरपिस्ट बाईंचे व्यायामही सकाळी ओटीच्या भिंतीला बोटं टेकवून चालू होते, आणि भिंतीवर बोटं दर आठवड्याला थोडी वर सरकत होती. खेळांचा तो लॅपटॉप आता आमच्या टेबलावर कायमचा बसलाय. बाबा त्याच्यावर क्रिकेट बघतात आणि पंखा घोंघावला की त्याला प्रेमाने शिव्या देतात. झोपाळ्यावरचा त्यांचा संध्याकाळचा प्रश्नही बदलला होता. "हलका हाय ना?" ते विचारायचे. "हलका आहे, बाबा," मी सांगायची.

शटडाउन संपलं त्या दिवशी मी लवकर घरी आले. नारिंगी जॅकेट धुतलं आणि अंगणात गेले. ओटीवर बाबा शेजाऱ्यांशी बोलत बसले होते. माझ्याकडे बोट दाखवून ते सांगत होते की आमची सून शिडी चढते, साधी नाय, सगळ्यात वरपर्यंत, आणि साहेब खाली उभा राहतो. साहेब खाली उभा राहतो हे त्यांनी स्वतःच्या पदरचं घातलं होतं. मी मोडता घातला नाही.

शेजाऱ्यांनी विचारलं, "तुमी घेऊन दिलात तो लॅपटॉप भारी हाय म्हणतात?"

"नाय रे," बाबा म्हणाले. "तिचा लॅपटॉप हलका हाय. भारी सून हाय."

मी तेव्हा दोरीवर जॅकेट टाकत होते. उजव्या हाताने.